पापड रोस्ट

दादरच्या फुलबाजारातला झेंडूचा ओला वास मागे पडला की दोन गल्ल्या सोडून आमची परमिट रूम लागते. बाहेर ‘एसी फॅमिली रूम’ अशी पाटी आहे. पण गेल्या वीसेक वर्षांत मी तिथे एकही कुटुंब पाहिलेलं नाही. आम्हीच तिघं मित्र महिन्यातून एकदा जाऊन एखाद्या जुन्या कुटुंबासारखे कुरकुरत बसतो. आत उजेड इतका बेताचा, की मेनूकार्ड वाचायला हल्ली मोबाइलची बॅटरी लावावी लागते. पूर्वी तशी गरजच नव्हती, कार्ड पाठ होतं. मागच्या वर्षी रक्ताचा रिपोर्ट आला, त्यातले दोन आकडे ठळक अक्षरांत छापलेले होते, आणि तेव्हापासून मी ते कार्ड लग्नाच्या वयाच्या मुलीच्या बापाने स्थळांची यादी वाचावी तसं वाचू लागलो. प्रत्येकात काहीतरी चांगलं आहे, आणि प्रत्येकात काहीतरी लपवलेलं आहे.

आमचे वेटर अण्णा उडुपीकडचे. ऑर्डर घेताना ते कागदाकडे बघत नाहीत, आमच्याकडेही बघत नाहीत, भिंतीवरच्या तिरुपतीच्या फोटोकडे बघत विचारतात, “पापड रोस्ट की फ्राय?” हा प्रश्न मी आयुष्यात शेकडो वेळा ऐकला असेल, पण तो इतका खोल आहे हे पन्नाशी उलटल्यावर कळलं. ‘फ्राय’ म्हणताना पूर्वी जीभ अडखळत नसे. आता मी थोडा थांबतो, पोट आत घेतो (अंधारात ते कोणाला दिसणार, पण घेतो) आणि “रोस्ट” म्हणतो. म्हणताना शाळेत उत्तर बरोबर आलेल्या मुलासारखं वाटतं. मग तो भाजलेला पापड येतो, त्याच्यावर कांदा, टोमॅटो, कोथिंबीर आणि शेवेचा एक डोंगर असतो. पापड भाजलेला असतो. शेव भाजलेली नसते. शेवेबद्दल अण्णांनी विचारलेलं नसतं, मीही काही बोललेलो नसतो.

बारमध्ये बसून तब्येतीला जपणं हा प्रकार आपल्या लोकांना परका वाटायचं कारण नाही. ज्या समाजाने ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण स्वतःसाठीच केली आणि ती हसत हसत पाळली, साबुदाणा वडा तळून त्याला उपवास म्हटलं, त्याला मंचाव सूप समजायला वेळ लागत नाही. माझा बँकेतून निवृत्त झालेला मित्र हल्ली सुरुवात सूपने करतो. सूप म्हणजे हलकं. त्याच्यावर तळलेल्या नूडल्सचं एक घरटं तरंगत येतं, चिमणीने नुकतंच सोडलेलं असावं असं; तो ते चमच्याने हळूच बुडवतो, जणू बुडालं की त्यातलं तेल मोजायचं नसतं. दुसरा मित्र विम्यातला, त्यामुळे जोखीम जाणतो. तो चना कोळीवाडा सोडून ‘सुरमई तवा’कडे वळला आहे. तवा हा शब्द त्याला घरगुती वाटतो. त्या तव्यावर अण्णांच्या भटारखान्यात किती पळ्या तेल पडतं ते मी एकदा दाराच्या फटीतून पाहिलं आहे, पण मैत्रीत काही गोष्टी सांगायच्या नसतात.

या पदार्थांना म्हणायचं चखणा, पण आमच्याकडे बहुतेक जण ‘चकणा’च म्हणतात, आणि मला ते जास्त बरोबर वाटतं. एक डोळा तब्येतीवर आणि दुसरा चिकन लॉलीपॉपवर ठेवून जो मागवला जातो त्याला दुसरं काय म्हणणार? शेजारच्या टेबलावर ते लॉलीपॉप येतात तेव्हा त्यांचा लाल रंग त्या अंधारातही दिव्यासारखा दिसतो. कर्नाटक सरकारने 2024 च्या मार्चमध्ये गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग घालायला बंदी केली, ती बातमी मी अण्णांना मोठ्या आस्थेने वाचून दाखवली होती. गाव त्यांचं त्याच राज्यात. ते म्हणाले, “रंग काढला तर माणसं विचारतात, शिळं आहे का?” यावर सरकारकडेही उत्तर नसावं.

हिशेब करायला बसलं तर सगळंच अवघड आहे. बाटलीवर 42.8 टक्के लिहिलेलं असतं. साठ मिलीच्या पेगमध्ये त्या हिशेबाने वीस ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल, आणि एका ग्रॅमला सात कॅलरी. म्हणजे पेग एकशेचाळीसचा. आणि फुकट मिळणारे मूठभर खारे शेंगदाणे, तीस ग्रॅम धरले तर, एकशेसत्तरचे. हे मी कागदी रुमालावर मांडून दाखवलं तेव्हा विमावाला मित्र गंभीर होऊन म्हणाला, “म्हणजे शेंगदाणे सोडायला हवेत.”

आणि तसं पाहिलं तर परमिट रूमचं आणि प्रकृतीचं नातं सरकारनेच जुळवून दिलेलं आहे. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यात, ज्याची तब्येत दारू न मिळाल्याने गंभीरपणे बिघडेल त्याला परवाना द्यायची सोय होती. त्या काळी किती भल्या माणसांनी डॉक्टरांपुढे खोकून दाखवलं असेल! गुजरातेत हेल्थ परमिट नावाची गोष्ट अजून आहे. आपल्याकडे आता कुणी खोकत नाही, पण कागदोपत्री परवाना लागतोच: एका दिवसाचा पाच रुपयांना, वर्षाचा शंभराला आणि हजार रुपये भरले की आजन्म. तो आजन्म परवाना माझ्या पाकिटात आहे. रिपोर्ट आला त्या रात्री मी तो काढून पाहिला. दोन्ही कागद माझ्याच नावाचे, आणि दोघांची एकमेकांशी ओळख नाही.

रिपोर्टनंतर मी ग्रीन सॅलड मागवायला लागलो. ते लांबट स्टीलच्या ताटलीत येतं. कडेने काकडीच्या चकत्या, एकीवर एक थोडी चढलेली, माशाच्या खवल्यांसारखी. आत टोमॅटो, मग गाजर, मग कांद्याची वळी आणि मधोमध बीट, ज्याचा रंग दहा मिनिटांत सगळ्यांना लागतो. वर लिंबाची फोड आणि एक हिरवी मिरची, देठासकट. कुणीतरी मनापासून मांडलेलं असतं ते. आणि ते कुणी खात नाही. टेबलाच्या मध्यभागी ते नैवेद्यासारखं असतं; ते आहे म्हणून बाकीचं खाता येतं. बिल येईपर्यंत काकडीच्या कडा सुकून वर उचललेल्या असतात. एकदा मी त्यातलं गाजर खाल्लं तेव्हा दोन्ही मित्रांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं मी पूजेतली सुपारी खाल्ली.

चखणा न खाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तेही मला पुष्कळ उशिरा कळलं. माझे वडील फोर्टमध्ये कारकून होते. पगाराच्या दिवशी ते नेहमीपेक्षा दोन तास उशिरा येत, तोंडाला बडीशेपेचा वास असे, आणि शर्टाच्या खिशात वर्तमानपत्राच्या कागदाची एक पुडी. तेलाने कागद पारदर्शक झालेला, त्यावरच्या बातम्या उलट्या बाजूने वाचता यायच्या. आत तिखटमीठ लावलेली तळलेली चणाडाळ आणि खारे शेंगदाणे. आम्ही भावंडं त्याला ‘पगाराचा खाऊ’ म्हणत असू. आई पुडी सोडून तीन बशांत सारखे वाटे करायची, उरलेले दोन-चार दाणे मोजून धाकट्याला. ती पुडी कुठल्या दुकानातली, हे तिने कधी विचारलं नाही. त्या रात्री ताक मात्र जास्त करायची.

नोकरीला लागल्यावर पहिल्यांदा परमिट रूममध्ये बसलो, समोर बशी आली, मी एक चिमूट डाळ तोंडात टाकली आणि माझा हात तसाच राहिला. ती चव मला सहा वर्षांचा असल्यापासून माहीत होती. म्हणजे वडील तिथे बसून, समोरची बशी पुडीत बांधून, नुसतं कोरडं घेत होते. रिकाम्या पोटी घेऊ नये, पोटात काही असलं की दारू रक्तात सावकाश उतरते, हे कोणीही सांगेल. वैद्यकाच्या दृष्टीने त्यांनी महिन्यातून एकदा सगळ्यात चुकीची गोष्ट केली. त्यांना ते सांगायचं राहून गेलं. सांगितलं असतं तर त्यांनी बडीशेप पुढे केली असती.

तर गेल्या महिन्यातली गोष्ट. अण्णा सुरुवातीला प्रत्येकापुढे उकडलेल्या चण्यांची एकेक वाटी ठेवतात, वर बारीक कांदा, कैरीच्या दिवसांत कैरी. उकडलेले म्हणून मला ते प्रिय आहेत; तिथे तरी मन चकणं होत नाही. पण बरेच दिवस माझी तक्रार चालली होती, की इथल्या चण्यांना पूर्वीची चव राहिली नाही, आचारी बदलला असावा. मित्र म्हणत, तसं काही नाही, तुझी जीभ म्हातारी झाली. मीही ते जवळजवळ मान्य केलं होतं. त्या दिवशी बोलण्याच्या नादात माझा हात बँकवाल्याच्या वाटीत गेला. चणा तोंडात टाकला. खारट, आंबट, झणझणीत. आचारी तोच होता.

मी अण्णांना हाक मारली. ते आले, तिरुपतीकडे बघत उभे राहिले. “अण्णा, माझ्या वाटीत मीठ नाही.”

“नाही,” ते म्हणाले. “तुम्हीच बोलला ना साहेब, बीपीची गोळी चालू झाली. दिवाळीपासून तुमची वाटी वेगळी काढतो.”

हे मी त्यांना सांगितल्याचं मला आठवत नव्हतं. दुसऱ्या पेगनंतर सांगितलं असणार. दिवाळी होऊन सात महिने झाले होते. त्या गर्दीत, त्या धुरकट भटारखान्यात, कोणीतरी दर वेळी मीठ घालायच्या आधी एक वाटी बाजूला काढत होतं.

“पापड?” अण्णांनी विचारलं.

“रोस्ट,” मी म्हणालो. “आणि शेव नको.”

त्यांनी पहिल्यांदाच फोटोवरून नजर काढून माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि आत गेले. मी माझी वाटी जवळ ओढून घेतली. बँकवाल्याच्या वाटीतला आणखी एक चणा घेतला, पण तो त्यांची पाठ वळल्यावर.