चमत्कार आहे, पावती नाही

21 सप्टेंबर 1995 रोजी गणपती दूध प्यायला. दिल्लीत प्यायला, मुंबईत प्यायला, थेट लंडनलाही प्यायला. देवळांपुढे रांगा लागल्या, दूध मिळेनासं झालं आणि एक-दोन दिवसांत देवाची तहान एकाएकी भागली. पृष्ठताणामुळे चमच्यातलं दूध सोंडेकडे ओढलं जातं आणि मूर्तीवरून पातळ थराने ओघळतं, हे शास्त्रज्ञांनी रंगीत दूध पाजून दाखवलं. पण चमत्कार बंद पडला तो त्यांच्यामुळे नव्हे. त्याला मालकच नव्हता! 2006 साली माहीमच्या खाडीचं पाणी गोड झालं तेव्हाही तेच. महापालिका पिऊ नका म्हणून कंठशोष करतेय, लोक बाटल्या भरताहेत, आणि गल्ल्यावर बसायला कुणी नाही. असा धंदा किती दिवस चालणार?

बाबालोकांकडे असला गलथानपणा नसतो. दर्शन फुकट, पैसे फक्त पुढच्या रांगेचे. विभूतीही फुकटच. राख पेजेत मळून वाळवलेली गोळी अंगठ्याच्या बेचक्यात धरायची आणि हात फिरवता फिरवता चुरायची. हवेतून सोन्याची साखळी काढली तर कस्टम ड्यूटी कुठल्या बंदरात भरायची, हे अजून कुणा अधिकाऱ्याने विचारलेलं नाही. अधिकारी पुढच्या रांगेत असतो.

काही नतद्रष्ट म्हणतात, 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याने चमत्कारच बंद केले. साफ खोटं. अनुसूची वाचा. तथाकथित चमत्कार करून पैसा मिळवणं आणि त्यांचा प्रचार करून लोकांना फसवणं किंवा दहशत बसवणं, आक्षेप एवढ्यालाच. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. म्हणजे गल्ला बंद ठेवून, कुणाला न फसवता, खुशाल हवेत तरंगा! एवढी सवलत असून तिचा लाभ घ्यायला एकही सिद्धपुरुष पुढे आलेला नाही. गल्ल्याला हात लागला की धर्म बुडतो. (हे विधेयक वर्षानुवर्षं अडकून होतं. 20 ऑगस्टला पुण्यात त्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि चार दिवसांत वटहुकूम निघाला. तेवढा एक चमत्कार सरकारनेही करून दाखवला.)

चमत्कार सिद्ध करून दाखवा आणि 21 लाख घेऊन जा, असं अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं आव्हान आहे. त्यावर बाबांचं उत्तर ठरलेलं: आम्हाला पैशाचा मोह नाही. मांडवात दोन खांब सोडून देणगी घेणारा सेवेकरी बसलेला असतो, त्यालाही नाही. हल्ली त्याच्यापुढे क्यूआर कोडची पाटी असते. रेंज गेली की मात्र बाबांचाही इलाज चालत नाही, रोखच द्यावी लागते.