शिक्का ठसठशीत उमटला आहे

प्रति,
माननीय स्कॅनवाले साहेब,

बेंगळुरूच्या शिवाजीनगरातून सप्रेम नमस्कार. (पुण्याच्या नव्हे. रसेल मार्केट आणि सेंट मेरी बॅसिलिका असलेलं शिवाजीनगर इथेही आहे. तुमच्या कचेरीचं टपाल हटकून तिकडे जातं, म्हणून मी ई-मेलचा हट्ट धरला. भोगतोय.)

आपली पीडीएफ पोचली. मला दिसत नाही. एनव्हीडीए नावाचा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर मला वाचून दाखवतो. आपलं तीन पानी पत्र त्याने एका शब्दात उरकलं : ‘ब्लँक’.

आपली कार्यपद्धती थोरच. पत्र संगणकावर टाइप करायचं, म्हणजे अक्षरं तिथे असतातच. मग प्रिंट काढायची, सही घ्यायची, गोल शिक्का हाणायचा आणि कागद तिरका ठेवून स्कॅन करायचा. अक्षरांचा फोटो झाला की माझ्यापुरती ती मेली. फोटोतली अक्षरं ओळखणाऱ्या ओसीआरने काही उठवली, पण मुदतीची तारीख नेमकी शिक्क्याखाली चिरडलेली.

तक्रार केली तेव्हा आपण मूळ फाइल धाडलीत. उपकार! फक्त ती युनिकोडमध्ये नव्हती, जुन्या श्रीलिपीत होती. पडद्यावर ‘मराठी’ दिसतं, आत रोमन चिन्हांचा कचरा. तो शब्द मला अक्षर-अक्षर असा ऐकू आला : लाइन, ए, एम, कॅप आर, ग्रेटर, आर. अशी तीन पानं ऐकून बघा एकदा.

चित्रातले ट्रॅफिक सिग्नल ओळखायला लावणाऱ्या तुमच्या कॅप्चाबद्दल आज बोलत नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ४२ इलेक्ट्रॉनिक मजकूर सुगम स्वरूपात द्या म्हणतं. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुगमता अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्कातच धरली. हा निकाल आपल्या कचेरीतही आला असेल. स्कॅन करून.

शेवटी आपण म्हणालात, “फोनवर वाचून दाखवतो की!” आणि जेवणाची सुट्टी मोडून दाखवलंतही, खणखणीत आवाजात. आईच्या ठेवीची रक्कम, वारसनोंद, धाकट्या भावाने घेतलेली हरकत. मागून कुणीतरी “अरेरे” म्हणालं. साहेब, माझ्या घरातलं भांडण तुमच्या टेबलांनी का ऐकावं? डोळसाचं पत्र पाकिटात जातं, माझं चव्हाट्यावर का?

तुमच्यावर तरी किती चिडू? सॉफ्टवेअर तुम्ही निवडलेलं नाही, युनिकोड कुणी शिकवलं नाही, आणि बिनशिक्क्याचा कागद बाहेर गेला तर मेमो तुम्हालाच. अख्ख्या कचेरीत डबा बाजूला सारून फोन उचलणारे तुम्ही एकटेच निघालात.

पण तारखेपाशी तुम्हीही अडखळलात. शिक्क्याखालचं तुम्हालाही दिसेना. “बघून कळवतो,” म्हणालात. अजून कळलेली नाही. तेवढी कळवा. युनिकोडमध्ये, साध्या ई-मेलात. फोनवर नको.

आपला,
अर्जदार