हाडवैद्य

लीड्सला डॉक्टरकाकांकडे उतरलेल्या पाहुण्याला यॉर्कचं कॅथेड्रल मोटारीच्या काचेतून दिसतं, तेही वेळेवर मान वळवली तर. काका थांबत नाहीत. "त्यात काय बघायचंय? चांगलं धडधाकट आहे," म्हणत गाडी माल्टनच्या दिशेने दामटतात. मिरजेत शिकलेल्या आणि यॉर्कशरच्या इस्पितळांतून उभी हयात हाडं जोडलेल्या काकांना निवृत्त होताना कंटाळा आला होता तो रोग्यांचा, हाडांचा नव्हे. आता त्यांचे सगळे पेशंट व्हॅरम पर्सीला असतात. संख्या ६८७. सगळे मेलेले, बहुतेक मध्ययुगातले, आणि काकांच्या मते अत्यंत समजूतदार. एकानेही अजून "डॉक्टर, पण गूगलवर तर असं लिहिलंय" म्हटलेलं नाही.

व्हॅरम पर्सी हे यॉर्कशर वोल्ड्सच्या टेकड्यांतलं उठलेलं गाव. घरांच्या जागी गवताखालचे उंचवटे, आणि खाली दरीत सेंट मार्टिनचं छप्पर नसलेलं चर्च. गाडी वर लावून पाऊण मैल उतरावं लागतं, आणि परतताना तेवढंच चढावं लागतं, हे निघताना सांगायचं नसतं. सांगायचं ते एवढंच, "जरा पाय मोकळे करून येऊ." काकू गाडीतच थांबतात. त्यांच्याजवळ थर्मास असतो, नाट्यगीतं असतात आणि अनुभव असतो.

परवा काकूंची थोरली बहीण सांगलीहून आली होती. नऊवारीवर जाकीट, पायात भाच्याचे बूट, आणि दर चार पावलांवर मेंढ्यांच्या लेंड्या.

"डॉक्टर, इथे आहे तरी काय?"

"काही नाही, ताई! तीच तर गंमत आहे."

ह्या गमतीत काकांचं एक जुनं दुखणं आहे. मॉरिस बेरेसफर्ड हा आर्थिक इतिहासाचा प्राध्यापक १९४८ साली इथे आला, १९५० पासून खणायला लागला. पुढे जॉन हर्स्ट हा खरा पुरातत्त्ववाला त्याला मिळाला, आणि दर उन्हाळ्यात स्वयंसेवक जमवून १९९० पर्यंत खोदकाम चाललं. चाळीस वर्षं! काकांनी ही जागा पहिल्यांदा पाहिली १९९१ मध्ये. खड्डे बुजवलेले, वर हिरवळ. तेव्हापासून ते झालेल्या खोदकामाबद्दल "आम्ही" असं बोलतात. "१९५० मध्ये आम्हाला आधी घरांचे पाये शोधायचे होते." १९५० मध्ये काका मिरजेत पाळण्यात होते, हे काकू मुद्दाम सांगत नाहीत. संसार टिकतात ते असे.

चर्चपाशी पोचलं की काका दक्षिणेच्या भिंतीवर हात टेकतात. तिच्यात बुजवलेल्या कमानी स्पष्ट दिसतात. आधी लहानसं लाकडी चर्च, मग दगडी. गाव वाढलं तशी बाजूंना जादा दालनं निघाली. माणसं घटली तशी ती पाडली, आणि उघड्या पडलेल्या कमानी दगडांनी भरून टाकल्या.

"आमच्या वाड्यासारखंच की," ताई म्हणाल्या. "भाऊबंद पुण्याला गेले आणि आम्ही माडी उतरवली."

काका खूश. ताई रेंगाळल्या असत्या तर त्यांना मनोराही दाखवला असता, म्हणजे १९५९ साली कोसळल्यावर त्याचं जे उरलं ते. पण ताईंनी नेमका तो प्रश्न विचारला, ज्याची काका प्रत्येक पाहुण्याकडून वाट बघत असतात. "प्लेगने गेलं असेल, नाही?"

"प्लेग आला आणि गेला! गाव टिकलं! गाव खाल्लं ते ह्यांनी," आणि काकांनी काठी रोखली ती चरणाऱ्या मेंढ्यांवर. लोकर महाग झाली, शेतीपेक्षा मेंढ्या परवडू लागल्या, आणि १५०० च्या सुमारास मालकाने उरलीसुरली घरं उठवली. चर्च तेवढं राहिलं, कारण शेजारचे थिक्सेंडेलकर डोंगर ओलांडून इथेच यायचे. १८७० मध्ये त्यांना स्वतःचं चर्च मिळालं तेव्हापासून हेही ओस पडत गेलं. काका हा अन्याय विसरलेले नाहीत. पबमध्ये गेले की आवर्जून मेंढीचं मटण मागवतात.

मग स्मशानातला राउंड सुरू होतो. तिथे आता हाड एकही दिसत नाही. काका गवताकडे बोट दाखवतात, आपणही गवताकडे बघायचं. हाडांचा अभ्यास करणाऱ्या सायमन मेज यांचं नाव घेताना काका कानाच्या पाळीला हात लावतात, मिरजेचे संस्कार. इथली चौदा वर्षांची पोरं आजच्या दहा वर्षांच्या पोराएवढी असायची. बाळं दीड वर्षापर्यंत अंगावर पीत, हे हाडांतल्या नायट्रोजनवरून कळलं. एका चाळिशीच्या माणसाची घावाने खचलेली कवटी कुणीतरी अकराव्या शतकाच्या आगेमागे उघडून तासली होती, आणि तो जगला! "भूल नाही, ताई, अँटिबायोटिक नाही!" काकांचे डोळे भरून येतात.

एकच निष्कर्ष ते जरा खालच्या आवाजात सांगतात. जन्मभर राबलेल्या इथल्या बायकांची हाडं म्हातारपणी आजच्या बायकांइतकीच विरळ झालेली होती. "आणि मी तीस वर्षं पेशंट बायकांवर ओरडत होतो, हालचाल करत नाही म्हणून."

"ओरडा काय," ताई एका दगडावर टेकत म्हणाल्या, "माझा गुडघा बघता का जरा?"

"वयोमानाने होतं," काका म्हणाले आणि सात शतकांमागच्या गुडघ्याकडे वळले.

भुताची गोष्ट ते चढणीसाठी राखून ठेवतात; पाहुणा त्या नादात वर पोचतो. स्मशानाबाहेर, घरांच्या बाजूच्या खड्ड्यांत, किमान दहा माणसांची तोडलेली, जाळलेली, सुरीच्या खुणा असलेली हाडं सापडली. २०१७ मध्ये मेज आणि सहकाऱ्यांनी मत मांडलं, की मेलेले उठून गावात फिरू नयेत म्हणून हा बंदोबस्त असावा. परके होते का? नाही, दात तपासले, इथलेच निघाले.

ताई थांबल्या. पदराने घाम टिपला. "त्यापेक्षा पहिल्याच दिवशी नीट जाळायचं की."

इथे मात्र काकांचा तोल गेला. "तेच! आपल्या लोकांनी तेच केलं! हजारो वर्षांचे पेशंट, आणि राख नदीत. एक केसपेपर शिल्लक ठेवला नाही! मी तर ठरवलंय, मला पुरायचं. माझ्या खुब्यात धातूचा सांधा आहे. सातशे वर्षांनी कुणाला सापडला तर केवढा आनंद होईल!"

एव्हाना आम्ही गाडीपाशी पोचलो होतो. काकूंनी नाट्यगीत बंद केलं.

"पुरा की," त्या म्हणाल्या, "पण मागच्या अंगणात नाही हं. तिथे मी मेथी लावलीय."