माझ्याकडे तर चालतंय

हिंजवडी असो, खराडी असो की ऐरोली, जावाचं काम चालतं त्या प्रत्येक मजल्यावर हे गृहस्थ असतातच. रात्रीचे अकरा वाजलेले, रिलीज अडकलेलं, कॉलवर डझनभर माणसं म्यूट होऊन बसलेली, स्क्रीनवर ४०४, आणि हे जांभई आवरत सांगतात, "माझ्याकडे तर चालतंय."

खोटं नाही बोलत हो. खरंच चालत असतं. त्यांचा लॅपटॉप म्हणजे सोवळ्यातलं देवघर. आत जावाची कोणती आवृत्ती आहे, गेल्या दिवाळीत कुठली जार हाताने सरकवली होती, हे कुणालाच ठाऊक नाही, त्यांनाही नाही. पण तिथे चाललं की प्रोग्राम सिद्ध झाला. पुढे जगात कुठे चालला नाही, तर दोष जगाचा.

आता टॉमकॅटवर वॉर फाइलचं नाव हाच ॲप्लिकेशनचा पत्ता, ही पहिल्या आठवड्यात शिकवतात ती गोष्ट. फाइलचं नाव 'ऑर्डर्स' असेल तर पान डोमेनपुढे 'ऑर्डर्स' लिहिल्यावर उघडतं. नुसत्या डोमेनवर हवं असेल तर फाइलला 'रूट' म्हणायचं, तेही कॅपिटल अक्षरांत. मेव्हन मात्र नावामागे '१.०-स्नॅपशॉट' अशी शेपटी लावून देतो. हे गृहस्थ शेपटीसकट फाइल सर्व्हरवर टाकतात आणि क्लायंटला पत्ता कळवतात तो बिनशेपटीचा. फाइलच्या नावात 'होम'मधला एच मोठा की छोटा, हे विंडोजची फाइल सिस्टीम सहसा विचारत नाही. लिनक्स विचारतो. हा लिनक्सचा आगाऊपणा आहे, असं त्यांचं प्रामाणिक मत.

उपायांचा क्रम ठरलेला. आधी रीस्टार्ट. मग 'वर्क' फोल्डर रिकामा करून पुन्हा रीस्टार्ट. मग "इनकॉग्निटोमध्ये बघा." एवढ्याने भागलं नाही की "नेटवर्कवाल्यांना बोलवा, फायरवॉल असणार." अहो, ४०४ आलं म्हणजे पलीकडे कुणीतरी विनंती वाचून उत्तर दिलंय! प्रश्न एवढाच, की उत्तर पुढे बसलेल्या एनजिनएक्सने दिलं की मागच्या टॉमकॅटने. टॉमकॅट सहसा पानाच्या तळाशी आपलं नाव आणि आवृत्ती छापतो. यांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या स्क्रीनशॉटमधून नेमका तोच तळ कापलेला असतो. "फोटो छान यावा म्हणून."

लॉगही ते बघतात, म्हणजे शेवटच्या दहा ओळी. सुरुवातीलाच एखादा लिसनर कोसळला की ॲप्लिकेशन उभंच राहत नाही, आणि मग त्याच्या प्रत्येक पानाला ४०४ मिळतो. सविस्तर कारण दुसऱ्या लॉग फाइलीत पाहा, असं टॉमकॅट स्वतः लिहून ठेवतो. ती दुसरी फाइल यांनी अजून उघडलेली नाही. ज्युनिअर पोराने उघडली तर, "तिथे काही नसतं रे."

पण खरे रंगात आले ते टॉमकॅट ९ वरून १० वर जाताना. जकार्ता ईई ९ ने २०२० मध्ये सर्व्हलेटच्या पॅकेजांचं 'जावाएक्स' हे नाव बदलून 'जकार्ता' केलं आणि टॉमकॅट १० फक्त नवं नाव ओळखू लागला. यांची वॉर होती स्प्रिंग बूट २ ची, म्हणजे जुन्या नावाची. अशा वेळी भांडण होत नाही, हीच खरी पंचाईत. टॉमकॅट फाइल उलगडतो, काम झालं म्हणून नोंद करतो आणि प्रत्येक पानाला ४०४ देतो. गृहस्थांना तर आनंदच झाला. "बघा, लॉगमध्ये एकही एरर नाही. कोड स्वच्छ आहे."

तेव्हा सर्व्हर सांभाळणाऱ्या मॅडमनी पहिल्यांदा अनम्यूट केलं.

"सर, स्प्रिंगचं बॅनर कुठे दिसत नाही?"

स्प्रिंग बूट सुरू होताना लॉगमध्ये स्वतःचं नाव एवढं थोरलं काढतं, की चष्मा न लावता वाचता यावं. ते नव्हतंच. एरर नव्हती, कारण एरर द्यायलासुद्धा कोणी जागं झालं नव्हतं.

"तुमच्याकडे टॉमकॅट कुठला आहे, सर?"

"जो असतो तोच."

तो ९ होता, स्प्रिंग बूटच्या पोटातच बसून आलेला. मॅडमनी शेजारच्या पोर्टवर टॉमकॅट ९ उभा केला, तीच फाइल ठेवली आणि पान उघडलं. कॉलवर कुणीतरी टाळीचं चिन्ह पाठवलं. गृहस्थांनी त्याबद्दल आभार मानले.

सकाळी क्लायंटला मेल गेलं, सीसीमध्ये अख्खा मजला: 'सर्व्हरच्या बाजूची अडचण आमच्या टीमने रात्रभर पाठपुरावा करून सोडवली आहे. सर्व्हर टीमने यापुढे आवृत्त्यांकडे लक्ष द्यावे, ही विनंती.'

मॅडमनी रिप्लाय-ऑल करून उत्तर दिलं, "नोटेड, सर," आणि सोबत आदल्या रात्रीचा अख्खा लॉग जोडला. तो जोडलेला लॉग गृहस्थ उघडणार नाहीत, याची त्यांना खात्री होती. क्लायंटने उघडला.