कल्याण पाहिजे

समर्थ रामदास आमच्याकडचे. त्यांचं जांब आता घनसावंगी तालुक्यात गेलं असलं तरी पूर्वी ते अंबड तालुक्यातच होतं, आणि समर्थांच्या बाबतीत अंबडचा माणूस ही वाटणी मानत नाही. 1608 सालच्या रामनवमीला ते जन्मले आणि बाराव्या वर्षी बोहल्यावर 'सावधान' हा शब्द कानी पडताच पळाले, ही कथा आमच्याकडच्या पोरांना शाळेत जायच्या आधी पाठ असते. लहानपणी मला ती वैराग्याची कथा वाटायची. हल्ली लेखनाच्या नियोजनाची वाटते. दोनशे समासांचा ग्रंथ हातून व्हायचा तर मांडवातूनच निघावं लागतं. 'सावधान' मीही ऐकलं होतं, पण बँडच्या आवाजात अर्थ नीट पोचला नाही. आता घरात तीन वर्षांचा मुलगा आहे आणि दासबोध माझ्याच्यानं व्हायचा राहिला आहे.

व्यवस्था अशी, की बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. ती सकाळीच गोदाकाठच्या एका गावाला जाते. माझ्या शिकवण्या संध्याकाळच्या. मधला सगळा दिवस मी आणि लेकरू. "बरं हाय की सर, घरीच असता, लिव्हायला येळच येळ," असं गल्लीतला प्रत्येकजण म्हणाला. वाईट इतकंच, की मीही म्हणालो. चार मित्रांना चहा पाजून मी कादंबरीची घोषणासुद्धा करून टाकली. त्या कादंबरीचं शीर्षक उत्तम आहे. पुढचं विचारू नका.

सुरुवात मी शास्त्रोक्त केली. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेचाच आहे. अक्षर वाटोळं असावं, ओळी सरळ असाव्यात, कडेला जागा सोडावी, लेखण्या, चाकू, कागद, शाई सगळं जवळ असावं. समर्थांनी काही म्हणता काही सोडलेलं नाही. फक्त लेखक ओळ सरळ काढत असताना पाठीवरून डोक्यावर चढणाऱ्या इसमाचं काय करावं, यावर एकही ओवी नाही. तिसऱ्या दशकात संसारात अडकलेल्या माणसाची लेकराबाळांपायी काय दशा होते, ते मात्र इतकं तपशीलवार आहे की वाचताना मला आपल्याच घरात कुणी डोकावून गेल्यासारखं वाटलं.

मग जागा बदलून पाहिली. वही आणि मुलगा दोन्ही घेऊन मत्स्योदरीच्या डोंगरावर गेलो. नवरात्र सोडलं तर दुपारी तिथं निवांत असतं. पायरीवर बसलो, टोपण काढलं आणि मोठेपणाच्या भरात पोराला सांगून बसलो, की या डोंगराचा आकार माशासारखा आहे, म्हणून देवी मत्स्योदरी. झालं. माशाचं तोंड कुठंय? तो आ कधी करतो? आपण बसलोय ते पोट की पाठ? उरलेली दुपार डोंगराला बिस्किट कुठून भरवायचं हे शोधण्यात गेली. खाली येताना ओळखीच्या एका पालकानं गाठलं. "कामून सर, दिवसाढवळ्या लेकरू घेऊन फिरायले? शिकवण्या बंद पडल्या का?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की थोरांचं आणि माझं अंतर प्रतिभेचं नाही, लेखनिकाचं आहे. समर्थ सांगायचे आणि कल्याणस्वामी लिहून घ्यायचे. बहिणाबाई चौधरींना तर लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेवांनी त्यांची गाणी टिपून ठेवली, म्हणून 1952 साली, त्या गेल्यावर का होईना, पुस्तक निघालं. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'च्या मागं त्यांचा मुलगा देवदत्त होता. आमच्याच गोदावरीच्या काठच्या, गंगाखेडच्या जनाबाईंबरोबर तर विठ्ठल दळायला बसायचा म्हणतात. माझ्याकडं विठ्ठल नाही. शेजारच्या काकू आहेत, पण त्या "गिरणीकडं चाललात ना सर?" म्हणत स्वतःचाच डबा माझ्या हातात देतात. आणि आमचे सोपानदेव सध्या भिंतीवर लिहितात.

म्हणून मी मोबाईललाच कल्याण केलं. बोललेलं तो लिहून घेतो. एका दिवाळी अंकासाठी कथा द्यायची होती. 1909 साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढल्यापासून मराठी लेखकाला भर पावसाळ्यात दिवाळी सुचावी लागते. विषय आमच्या जिल्ह्याचाच होता, 2012-13 च्या दुष्काळात वाळून गेलेली मोसंबीची बाग. पोटच्या पोरासारखी वाढवलेली झाडं तोडायची वेळ आलेला शेतकरी पंचनाम्यासाठी तहसीलदारांपुढं उभा राहतो, हा कळसाचा प्रसंग. तो मी मुलाला आंघोळ घालता घालता सांगितला. सांगताना माझा गळाही दाटून आला. शेवटची तारीख होती, रात्री न वाचताच पाठवून दिला.

माझ्या कल्याणाला सगळं येतं, गाळणं तेवढं येत नाही.

संपादकांचा फोन आला. "कथा बरी आहे. पण तुमचा शेतकरी हात जोडतो, म्हणतो, साहेब, माझ्या बागेकडं एकदा बघा. आणि लगेच म्हणतो, चड्डी वर कर आधी, लोक हसतील."

इथं खरं सांगून मोकळं होता आलं असतं. पण लेखकाचा स्वाभिमान नावाची एक चीज असते. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "ते व्यवस्थेला उद्देशून आहे."

पलीकडं बराच वेळ शांतता. मग आवाज एकदम आदराचा झाला. "व्यवस्थेची नग्नता! वा. पण मग ते एकदाच येऊन चालणार नाही. असं आणखी चार-पाच ठिकाणी पेरा. परवापर्यंत द्या."

बसलो पेरायला. एक वाक्य येईना. व्यवस्थेला चड्डी वर करायला सांगणं टेबलाशी बसून जमत नाही, त्याला पोराच्या मागं पळावं लागतं, डोळ्यांत साबण गेलेला असावा लागतो. आणि नेमकं त्याच आठवड्यात आमच्या चिरंजीवांना आत्यानं घट्ट इलॅस्टिकच्या नव्या चड्ड्या आणल्या होत्या. तो दिवसभर सभ्य. जेवला सभ्य, झोपला सभ्य. मी हातात मोबाईल धरून त्याच्या मागं मागं घरभर, अंगणभर. शेवटी उगीचच ओरडायला लागलो, निदान सूर तरी सापडेल म्हणून.

बायको शाळेतून आली, पिशवी ठेवली आणि दारातच थांबली.

"अहो, त्याची चड्डी नीट आहे. कवापासून काय त्याच्या नावानं ओरडायलात? तुमच्या पायजम्याची नाडी लोंबायलीय, ती आधी बांधा."

कल्याणानं हे बिनचूक उतरवून घेतलं. मी तसंच तहसीलदारांच्या तोंडी घातलं. संपादक म्हणाले, आता कथा उंचीवर गेली.