तीस लिटर फेस

मे महिन्यात हिंगोली जिल्ह्यात माणूस काय पितो, हे कुणी विचारत नाही. ते गार आहे का, एवढंच विचारतात. लग्नाच्या पंगतीत वरणाला मीठ कमी पडलं तर पाहुणे सोसून घेतात, पण मठ्ठ्यात बर्फ नसला तर सोयरीक जुळवली कुणी, इथपर्यंत चौकशी जाते. अशा मुलखात माझ्या पुण्याच्या पुतण्यानं आपल्या लग्नानिमित्त, वसमतजवळच्या आमच्या शेतात, मित्रांना ड्राफ्ट बिअर पाजायचं ठरवलं.

"काका, बाटलीतली नको. ताजी, बॅरलमधून थेट ग्लासात!"

कागदपत्रं त्यानंच केली. महाराष्ट्रात बिअर प्यायला वय लागतं २१ आणि शिवाय परवाना. मूळ १९४९ च्या दारूबंदी कायद्यातली ही सोय मला फार आवडते, कारण तिच्या लेखी परवानाधारक चैनीसाठी पीत नाही, स्वतःच्या प्रकृतीच्या जतनासाठी पितो. कित्येक वर्षं एका दिवसाच्या प्रकृतीला ५ रुपये आणि आजन्म प्रकृतीला १००० रुपये असा दर होता. बेचाळीस अंशांत प्रकृतीची एवढी काळजी घेणारं दुसरं खातं मला माहीत नाही.

बॅरल आलं तीस लिटरचं. सोबत गॅसचा सिलेंडर, नळ्या, तोटी आणि गार करायचं विजेचं यंत्र. ते बघून आमच्या घरातल्या आबांनी एवढंच विचारलं, "लाईन कधीची हाय?" शेतीची लाईन त्या आठवड्यात रात्रीची होती. यंत्र पिंपळाखाली नव्या नवरीसारखं नुसतं बसून राहिलं.

ड्राफ्ट बिअरचं दुखणं असं, की तिच्यात कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो आणि तो गारव्यातच गुण्यागोविंदानं राहतो. बॅरल तीन-चार अंशांवर असेल, नळी गार असेल, ग्लास गार असेल, तर बिअर शहाण्यासारखी खाली उतरते. वाटेत एक हातभर नळी उन्हात सापडली की गॅस बाहेर पळतो आणि ग्लासात येतो निव्वळ फेस. पुतण्यानं पहिला ग्लास आबांपुढे धरला. आबांनी तो उजेडात धरून पाहिला. खाली दोन बोटं बिअर, वर सगळा साबण.

"ह्ये कामून असं? अर्धा गिलास वाराच इकतो का रे?"

मग जमलेल्या प्रत्येकाला त्यातलं कळायला लागलं. एकानं गॅस वाढवला, फेस वाढला. दुसऱ्यानं गॅस कमी केला, तर धार बारीक झाली आणि फेस तेवढाच. तिसऱ्यानं तोटी अर्धीच उघडली, आणि अर्धी उघडी तोटी तर फेसाचं माहेरघर. एका इंजिनिअर मित्रानं बर्फात पुरून पांढरेफटक झालेले ग्लास आणले. त्या हिमकणांवर गॅस आणखी जोमानं फुटला.

आमचा सालगडी हे सगळं बिडी ओढत बघत होता. त्यानं मुकाट्यानं दोन गोणपाटं भिजवली, बॅरलला गुंडाळली आणि ते सावलीतल्या ओल्या वाळूत अर्धं पुरलं. रांजणाला करतो तेच. कोरड्या हवेत ओलं गोणपाट चांगलंच काम करतं, पण माठाचं पाणीही फार तर पंचविशीपर्यंत उतरतं. बिअरला हवेत चार. मधल्या वीस-एकवीस अंशांचा प्रश्न इथे दोन शतकांपूर्वीही होता. हिंगोलीत निजामाच्या हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, तिथं गोरे अधिकारी होते, आणि उन्हाळा हाच होता. अमेरिकेतल्या तळ्यांवर कापलेला बर्फ जहाजानं १८३३ मध्ये कलकत्त्याला आणि पुढच्या वर्षी मुंबईला पोचला. मुंबईत जमशेटजी जीजीभॉय यांनी पाहुण्यांना आइस्क्रीम खाऊ घातलं आणि यजमानासकट मंडळींना सर्दी झाली, अशी बातमी छापून आली होती. हिंगोलीला ती सर्दीसुद्धा मिळणं शक्य नव्हतं. त्या काळात साहेबांच्या पदरी पेयं गार करायला आबदार असे, आणि तो सोऱ्याच्या पाण्यात बाटल्या फिरवत बसे. सोरा पाण्यात विरघळताना उष्णता ओढून घेतो. आमच्याकडे सोरा नव्हता. युरिया होता. तोही विरघळताना पाणी गार करतो, हे इंजिनिअर मित्रानं सांगताच आबा एकदम उठून गोदामाच्या दारात जाऊन बसले.

शेवटी वसमतहून बर्फाच्या लाद्या आल्या, लाकडाच्या भुशात घातलेल्या. पुतण्याकडे स्टीलच्या बारीक नळीचं एक लांबलचक वेटोळंही होतं, ते इतका वेळ खोक्यातच होतं. ते हळदीच्या टोपल्यात ठेवून वर बर्फ फोडून भरला, नळी त्यातून काढली, तोटी पूर्ण उघडली, आणि दिवस मावळताना पहिला धड ग्लास भरला. वर दोन बोटं फेस, खाली सोनेरी. पुतण्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ग्लासाला थोडी हळद लागली होती, पण वसमतच्या हळदीला आता भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा तक्रार कुणी केली नाही.

आबांनी घोटभर घेतली. "गार हाय," म्हणाले. चवीचं काही बोलले नाहीत, आणि उरलेली इंजिनिअरला दिली.

दुसऱ्या दिवशी सत्यनारायण होता आणि दोनशे पानं. वहिनींना ते वेटोळं पसंत पडलं होतं. पुतण्या उठायच्या आत त्यांनी बॅरलची नळी काढून ताकाच्या पिंपाला जोडली आणि गॅस सोडला. पहिले वीस ग्लास असे गार आणि असे फसफसते आले, की गुरुजींनी दोनदा मागून घेतलं. एकविसाव्याला धार थांबली. ताकात कोथिंबीर होती आणि जिरंही. ते वेटोळं पुतण्यानं अनामत भरून आणलं होतं, आणि अनामत परत घेताना पुण्यातल्या दुकानदाराला नळीत जिरं कसं आलं हे समजावून सांगायची वेळ त्याच्यावर आली.