काकूंच्या लाडवातला रवा

अहो, ऐकलंत का? जरा इकडे या, कुंपणाला लागून. मोठ्याने बोललं की तळमजल्यावर सगळं ऐकू जातं, आणि गोष्ट तळमजल्याचीच आहे.

तुम्ही नेमक्या नाशिकला लेकीकडे गेलात आणि इकडे ते हळदीकुंकू झालं. दुसऱ्या मजल्याच्या सूनबाईंचं हो! ती दूध-तुपाला हात न लावणारी. आणि तिच्या लेकाला सेलिअ‍ॅक, गव्हाचा कण चालत नाही, ते तर तुम्हाला ठाऊकच आहे. सासूबाईंनी आधीच फोन करून सांगितलेलं, "तिने स्वतःचं काहीतरी केलंय, नावं ठेवू नका हं." आता असं सांगितल्यावर बायका तयारीनिशीच येणार ना!

तर ताटात काय, काळपट छोटे लाडू, वर खोबऱ्याचा कीस, आणि शेजारी तिळाच्या वड्या. चिठ्ठी लावलेली, 'नो बेक, वीगन, ग्लूटेन फ्री'. तिसऱ्या मजल्याच्या वहिनींनी एक उचलला, वास घेतला. "तूप दिसत नाही?"

"नाही वहिनी, खजुरानेच वळले जातात."

"मग मध तरी घालायचास."

"मधही नाही घेत मी. मधमाश्यांचा ना तो."

वहिनींचं तोंड असं उतरलं, जसं काही त्या माश्या यांच्याच पाळीव होत्या! मग काय, सल्ल्यांची झुंबडच. एक म्हणाली सातूचं पीठ घे. त्यात गहू. दुसरी म्हणाली डिंकाचे कर. त्यात तूप. ओट्स म्हणावं, तर म्हणे मुळात चालतात, पण शेतात नि कारखान्यात गव्हाची सरमिसळ होते, म्हणून पाकिटावर ग्लूटेन फ्री छापलेलेच घ्यायचे. किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन असलं तर तसं छापताच येत नाही. सूनबाई हे सगळं इतकं शांतपणे सांगत होती, मला तर कौतुकच वाटलं.

मध्येच सासरे बाहेर आले. बायकांच्या घोळक्यात यायचं काही कारण? पण आले. "वीगन शब्द १९४४ चा, इंग्लंडातला. पण गांधीजींनी १९१२ लाच आफ्रिकेत दूध सोडलं होतं!" सासूबाई म्हणाल्या, "आणि पुढे शेळीचं घेतलंच ना? जा आत." गेले बिचारे.

तर काय सांगत होते... हां, तळमजल्याच्या काकू. त्या स्टीलचा डबा घेऊन आल्या. बेसनाचे लाडू! आता त्यांचे लाडू म्हणजे कोथरूडभर नाव. ते रवाळपण, ते टाळ्याला न चिकटणं. किती वर्षं विचारतोय आपण, "काकू, कसं हो जमतं?" आणि त्यांचं ठरलेलं उत्तर, "काही नाही गं, हाताचा गुण."

त्या पोराने डबा बघितला. "आई, हा चालेल मला?" सूनबाई म्हणाली, "काकू, नुसतं बेसनच आहे ना?" काकू ताठ मानेने, "अगं, बेसनात कुठला आलाय गहू? हरभऱ्याची डाळ, तूप, साखर. तू नको खाऊस, पण पोराला दे की." बरोबरच आहे म्हणा, डाळीत गहू नसतोच. पोराने लाडू उचलला, तोंडाशी नेला, आणि काकू ओरडल्या, "थांब रे बाळा!"

सगळ्या गप्प. मी हातातली अत्तरदाणी तशीच धरून उभी.

"त्यात... म्हणजे... मूठभर रवा असतो."

अहो, काय सांगू! वहिनींनी माझ्याकडे बघितलं, मी वहिनींकडे. इतक्या वर्षांचा हाताचा गुण असा ताटात पडला. काकूंचे कान लाल. पण एक आहे हं, त्यांनी पोरासाठी सांगितलं. दुसरी कोणी गप्प राहिली असती.

सूनबाईने इतकं छान सांभाळून घेतलं. म्हणाली, "काकू, बरं झालं बोललात. आणि बेसनही गिरणीतलं असेल ना?" तेव्हा कळलं, गिरणीत गव्हावर आपली ज्वारी दळतात, डाळ दळतात, ते सगळंच त्या पोराला बाद. तिने स्वतःची घरघंटी घेतलीय, तिच्यात गहू पडूच देत नाही. आणि डबीतला हिंग! त्यात बहुतेक वेळा मैदा असतो म्हणे. म्हणजे गव्हाचा संबंध नाही असं वाटतं ती आमटीसुद्धा! मी घरी येऊन आधी हिंगाची डबी वाचली. बारीक अक्षरात होतंच.

म्हणून ती पिठाच्या वाटेलाच जात नाही. वाटीला वाटी दाणे आणि खजूर. दाणे खमंग भाजून, सालं पाखडून, मिक्सर थांबत थांबत फिरवायचा. सलग फिरवला की तेल सुटून गच्च गोळा होतो. खजूर तो काळा मऊ, बिया काढून. कोरडा निघाला तर कोमट पाण्यात भिजवायचा, पण नंतर घट्ट निथळायचा, ओल राहिली तर बुरशी धरते. भाजलेले तीळ, वेलदोडा, चिमूटभर मीठ, मीठ विसरायचं नाही. राजगिऱ्याच्या लाह्या अगदी शेवटी, हातानेच. वड्यांच्या ताटाला तूप नाही, खोबरेल. "डोक्याला लावतो ते?" असं विचारलं कोणीतरी. खायचं हो! पंचवीस अंशांच्या खाली थिजतं, म्हणून संक्रांतीच्या थंडीत वड्या सुरेख सुटल्या. मे महिन्यात फ्रीजशिवाय जमायचं नाही.

चव? चांगली होती हो. तुपाची सर नाही, खोटं कशाला बोलू. आणि ते 'हेल्दी' प्रकरण जरा जपूनच. खजुरात निम्म्याहून जास्त साखरच असते. चौथ्या मजल्याच्या शुगरवाल्या मावशींनी 'शुगर फ्री' समजून चार उडवले, पाचवा पदरात! सून धावत गेली, "मावशी, साखर घातली नाही म्हणजे गोड नाही असं नाही हो." मावशींनी पाचवा परत ठेवला, पण मन मोडून.

आणि आता ताजी बातमी. काकूंनी नवी कढई आणली, नवा झारा. सूनबाईच्या घरघंटीवर डाळ दळून आणली आणि पोरासाठी वेगळे लाडू केले, बिनरव्याचे. जरा चिकटले म्हणे टाळ्याला. पोराने मात्र डबा संपवला. आणि काकू जिन्यात भेटेल तिला सांगतायत, "ग्लूटेन फ्री हो, ग्लूटेन फ्री!"

मी काल संधी साधून विचारलंच, "काकू, आता लपवायचं काय राहिलंय? किलोला रवा किती घालता ते तरी सांगा."

म्हणाल्या, "अंदाजाने गं."